पिवळी पट्टी

निगडीत, ओटास्कीमकडे वळायच्या अलीकडे
रविवारी रात्री नऊला
सुदाम भोंडवे गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतो.
टायरांच्या चळतीवर टीव्ही,
आणि ग्रीसचे डबे उलटे घालून आम्ही पाच-सहाजण.

कार्यक्रम गाड्यांचा. विलायती.
भाषा निम्मी कळते,
इंजिनाचा आवाज पूर्ण.

मोघे क्वालिटीत होते, अजून आहेत.
म्हणाले, जुना टकल्या गेला आणि मजा गेली.
हा नवा नुसते दात दाखवतो,
गिअर टाकताना याचा खांदा हलतो, बघा.
खांदा हलतो त्याला गाडी येत नाही.
हमीद तांबोळी म्हणाला,
तुम्ही कधी चालवलीत हो, मोघे?
तपासल्यात, मोघे म्हणाले. सदतीस वर्षं.

झालं. सुरू.
टकल्या उद्धट होता. होता, पण त्याला गाडी कळायची.
पूर्वी साध्या गाड्या दाखवायचे,
आता दोन कोटींच्या खाली यांचं पेट्रोल पेटत नाही.
कैवल्य म्हणाला, काका, सगळं आधी लिहिलेलं असतं.
आम्ही त्याच्याकडे असं पाहिलं
की पोरगं गप्प चहा ओतायला लागलं.
तो चाकणला आहे. सहा महिन्यांचं पत्र, मग ब्रेक,
मग पुन्हा पत्र.
ब्रेक म्हणजे पायानं दाबायचा तो नव्हे.

त्या रात्री ते एका बंद कारखान्यात गेले.
गावाचं नाव नीट ऐकू आलं नाही,
बाहेर कोणीतरी बुलेटला किक मारत होतं.
इथे म्हणे बारा हजार माणसं होती.
नवा म्हणाला, इथल्या गाड्या पावसात सुरू व्हायच्या नाहीत,
दारांतून पाणी यायचं.
आम्ही हसलो.
हमीद सगळ्यांत जास्त;
आपल्याकडे दारांच्या रबराची लाइन त्याचीच होती,
आणि पाणी यायचं.

मग त्या रिकाम्या शेडमध्ये
त्यानं लाल गाडी गरागरा फिरवली.
धूर. किंचाळणारे टायर. वर कबुतरं उडाली.

रिमोट दे, तुपेमामा म्हणाले.
तुपेमामा बोलत नाहीत. मेंटेनन्सला होते,
तिथे मशीन बोलतं, माणूस ऐकतो.
त्यांनी चित्र मागे नेलं, थांबवलं.
धुराखाली, फरशीवर,
पिवळी पट्टी.

माणसांनी पट्टीच्या आत चालायचं.
बाहेर ट्रॉल्या, फोर्कलिफ्ट, मरण.
दर दिवाळीच्या शटडाऊनला मी मारायचो ही, मामा म्हणाले,
दोरी ताणून, खडू लावून,
घरी फराळ, मी इथे गुडघ्यांवर.
चार इंच.
यांची जास्त दिसते.

कोणी काही बोललं नाही.
मला माझी जागा आठवली, डावं पुढचं दार,
पाळीला ऐंशी,
आणि सुटल्यावर सायकल.
आमच्या शेडच्या जागी आता तेवीस मजले आहेत.
क्लबहाऊसचं नाव ‘असेंब्ली’.
मी गेलो होतो एकदा, कोणाच्या तरी मुंजीला;
पार्किंगमध्ये पायाखाली बघत चाललो,
सगळीकडे नवी टाइल.

चारच आहे, मोघे म्हणाले.
साडेचार, मामा म्हणाले.
कॅमेऱ्यात फुगून दिसतं.
माझा हात बोलतोय, मोघे, कॅमेऱ्याचं नका सांगू.
हमीद म्हणाला, टकल्या असता तर त्यानं
ह्या पट्टीवरून गाडी नेली नसती.
यावर मात्र, कधी नव्हे ते,
एकमत झालं. मग लगेच मोडलं.

साडेदहाला कैवल्य उठला. तिसरी पाळी.
शटरखालून वाकून गेला,
कंपनीची बस त्याला पुलाखाली घेते.
जाताना म्हणाला, आमच्याकडे पट्टी नसते, काका,
जमिनीतच दिवे आहेत.
मामांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

मोघे अजून काचेवर बोटं लावून मोजत होते,
चार बोटं, मग अंगठा धरून.
सुदाम म्हणाला, हात खाली घ्या हो,
ग्रीस लागतंय.